भरलेला तांब्या

रात्रीं निजण्यापूर्वीं आईच्या उशाशीं पाण्याचें तांब्याभांडें भरून ठेवण्याची वहिवाट आमच्या घरीं फार जुनी आहे. तांब्या तिच्या माहेरचा. पोटाशीं एके ठिकाणीं पोचलेला, आणि पुष्कळ वर्षांच्या चिंचेनें व राखेनें गुळगुळीत झालेला. वडील होते तोंवर तो भरून ठेवण्याचें काम तेच करीत. त्यांच्यामागें तें माझ्याकडे आलें. मुलगा म्हणून आपण आईचें कांहीं करतों, असें समाधान देणारीं जीं थोडीं कामें माझ्या वांट्याला आलीं होतीं, त्यांपैकीं हें एक. सकाळीं तो तांब्या उचलून त्यांतील पाणी मी तुळशीला घालीत असें. तांब्या काठोकाठ भरलेला असे. वर उपडें घातलेलें फुलपात्र कोरडें असे. ‘आईला रात्रभर स्वस्थ झोंप लागली,’ असें मी मनाशीं म्हणत असें आणि वर्तमानपत्र उघडीत असें.

एखादी गोष्ट रोज डोळ्यांसमोर असावी, ती हातांत घेऊन तिचें वजनहि रोज जाणवावें, आणि तरीहि तिचा अर्थ आपण नेमका उलटा लावावा, असें संसारांत पुष्कळदां घडतें. तो भरलेला तांब्या मला कांहीं सांगत होता. तें कळावयास २०१९ सालचा मे महिना उजाडावा लागला.

अकोल्याचा उन्हाळा ज्यानें काढला नाहीं, त्याला तो सांगून कळावयाचा नाहीं. सकाळीं नऊ वाजतांच रस्ते ओस पडूं लागतात. दुपारीं पारा ४४-४५ अंशांवर जाऊन बसतो. दारें-खिडक्या लावून घेतल्या तरी भिंती रात्रीं उशिरापर्यंत ऊब टाकीत राहतात. कूलरच्या वाळ्याचा वास आणि त्याच्या पंख्याची घरघर यांत आमच्या घरचा एप्रिल-मे जातो. आईनें असे उन्हाळे लग्न होऊन या गांवीं आल्यापासून काढले आहेत. त्या वर्षीं ती एकोणऐंशी वर्षांची होती. पहाटे उठावें, देवाचें करावें, भाजी निवडून द्यावी, दुपारीं थोडें वाचावें आणि संध्याकाळीं नातवाची शाळेंतील हकीकत ऐकावी, असा तिचा ठरीव क्रम होता. रक्तदाबासाठीं एक गोळी ती बरेच दिवस घेत असे. त्यापलीकडे तिची तक्रार अशी कांहीं नव्हती.

वैशाख वद्यांत मात्र तिचें कांहीं बिनसूं लागलें. आधीं ती दुपारची फार वेळ झोंपूं लागली. मग नातवाला तिनें आपल्या थोरल्या भावाच्या नांवानें हांक मारली. तो भाऊ वारल्याला तीस वर्षें होऊन गेलीं होतीं. आम्ही हंसलों, तीहि हंसली. आमटींत दोनदां मीठ पडलें. तोंडपाठ असलेल्या हरिपाठांत ती अडखळूं लागली. पाटावरून उठतांना तिनें भिंतीला हात लावावा, क्षणभर डोळे मिटून उभें राहावें, मग पाऊल टाकावें. तोंडांतील कवळी बसत नाहीं, टोचते, म्हणून ती काढून ठेवूं लागली. पोट साफ होत नाहीं म्हणून रात्रीं इसबगोल मागूं लागली. यांतील प्रत्येक गोष्टीला आमच्यापाशीं तयार उत्तर होतें. उन्हाळ्यांत झोंप येतेच. नांवांची अदलाबदल सर्वांचीच होते. कवळी जुनी झाली आहे. आणि या सर्व उत्तरांची बेरीज करून एक मोठें उत्तर होतें : वय झालें. ‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण ज्यानें रचली, त्यानें विचार न करणाऱ्या लोकांवर केवढे उपकार करून ठेवले आहेत!

एके संध्याकाळीं तिनें मला तिसऱ्यांदां विचारलें, “हे अजून आले नाहींत रे? दिवेलागण झाली.” वडिलांना जाऊन सहा वर्षें झालीं होतीं. पहिल्या दोन वेळीं मी तिला समजावून सांगितलें होतें. तिसऱ्या वेळीं माझा आवाज चढला. “आई, बाबा गेले, सहा वर्षें झालीं. किती वेळां सांगूं?” तिनें माझ्याकडे पाहिलें, मग खालीं मान घातली, आणि पदराच्या टोंकाशीं चाळा करीत म्हणाली, “हो कां? विसरलें बघ.” बाप मेल्याची बातमी मी माझ्या आईला त्या संध्याकाळीं पुन्हां नव्यानें दिली, आणि तीहि रागावून दिली. त्या रात्रीं पुण्याच्या भावाशीं फोनवर माझें बोलणें झालें. आईला स्मृतिभ्रंश होतो आहे, पुढेंमागें कोणी बाई ठेवावी लागेल, खर्चाचें कसें करावयाचें, अशी चर्चा झाली. बोलून झाल्यावर मीं तांब्या भरला आणि तिच्या उशाशीं ठेवला.

तिसऱ्या दिवशीं पहाटे ती मागल्या पडवींत जमिनीवर बसलेली सांपडली. पडली नव्हती, बसली होती, आणि उठतां येत नव्हतें. कोठें आहों हें तिला नीट सांगतां येईना. आमच्या गल्लींतील डॉक्टर लगेच आले. वयानें तरुण असले तरी बोलण्यांत घाई नाहीं असे ते गृहस्थ आहेत. त्यांनीं तिची नाडी पाहिली, रक्तदाब एकदां निजवून व एकदां आधार देऊन बसवून घेतला, तोंड उघडावयास लावून जीभ पाहिली. जीभ कोरडी व चिरा पडल्यासारखी दिसत होती. मीं कोठेंतरी वाचलेलें आठवून तिच्या मनगटाजवळची कातडी चिमटींत धरून सोडली. ती घडी तशीच उभी राहिली. “त्यावर जाऊं नका,” डॉक्टर म्हणाले. “या वयाची कातडी निरोगी माणसाचीहि तशीच राहते.” मग त्यांनीं विचारलें, “काल दिवसभरांत ह्या लघवीला किती वेळां गेल्या?”

मी पत्नीकडे पाहिलें, पत्नीनें माझ्याकडे पाहिलें. आम्हांला ठाऊक नव्हतें.

“पाणी किती प्याल्या?”

याचें उत्तर आपल्यापाशीं आहे असें मला वाटलें. मीं उशाशीं ठेवलेला तांब्या दाखविला. “रोज रात्रीं न चुकतां भरून ठेवतों,” मी म्हणालों. त्यांनीं तो उचलून पाहिला आणि खालीं ठेवला.

“हा भरलेला आहे.”

“रोज भरलेलाच असतो,” मी म्हणालों. आणि हे शब्द तोंडांतून बाहेर पडतांपडतांच त्यांचा अर्थ मला कळला.

इस्पितळांत रक्त तपासलें तेव्हां त्यांतील क्षाराचें, म्हणजे सोडियमचें, प्रमाण वाढलेलें निघालें. युरियाहि वाढला होता. शरीरांतील पाणी उणें झाल्यामुळें उरलेलें रक्त दाट झालें होतें. शिरेंतून सलाइन सुरू झालें. तेंहि सावकाश, कारण या वयांत तूट घाईनें भरून काढणेंहि धोक्याचें असतें, असें आम्हांला सांगण्यांत आलें. दोन दिवस मी खाटेजवळ बसून होतों. तिसऱ्या दिवशीं सकाळीं तिनें डोळे उघडले, नातवाला त्याच्या खऱ्या नांवानें हांक मारली, आणि मला म्हणाली, “माठांतला वाळा बदलला कां रे? कुबट वास येत होता.” जिला आम्ही गेले पंधरा दिवस म्हातारपणाच्या स्वाधीन करून मोकळे झालों होतों, ती आमची आई होती तशी परत आली होती. तिला औषध असें फारसें दिलेंच नव्हतें. दिलें होतें तें मुख्यतः पाणी.

घरीं परत आल्यावर कित्येक दिवस एकाच आठवणीनें माझा पिच्छा पुरविला. मी सात-आठ वर्षांचा असतांना मला हगवण लागली होती. त्या दोन रात्री आईनें डोळ्याला डोळा लावला नव्हता. मिठाची कणी घातलेली भाताची पेज ती चमच्याचमच्यानें मला पाजी, मी लघवीला गेलों कीं नाहीं हें वडिलांना बजावून विचारी, आणि अर्ध्याअर्ध्या तासानें माझी जीभ दिव्यापाशीं धरून पाही. माझी धाकटी बहीण तेव्हां तान्ही होती. तिला जरासें जुलाब झाले कीं आई पहिल्यानें तिच्या टाळूवर हात ठेवी. टाळू खोल गेली तर मूल सुकत चाललें, हें ज्ञान आपल्याकडे कोणत्याहि आजीला पुस्तकावांचून असतें. जिनें आमची टाळू, आमची जीभ, आमची लघवी यांचा हिशेब ठेवला, तिचा तो हिशेब ठेवण्याची पाळी आमच्यावर आली तेव्हां आम्हीं काय केलें? तांब्या भरून ठेवला!

म्हाताऱ्या माणसाला टाळू नसते. जेथें हात ठेवला असतां आंतील कोरड हातालाच कळेल, अशी जागा त्याच्या शरीरावर निसर्गानें ठेवलेली नाहीं. म्हणून त्याची कोरड ओळखावयास हातापेक्षां लक्ष अधिक लागतें.

तेव्हांपासून मीं या विषयावर जें मिळेल तें वाचलें. त्यांतील कांहीं गोष्टींनीं मला चकित केलें. तरुण पुरुषाच्या वजनांत सुमारें ६० टक्के पाणी असतें; वय वाढतें, मांस झडतें, तसें हें प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास येतें. म्हणजे वार्धक्यांत मुळांत सांठाच लहान. त्यांत मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची शक्ति कमी होते. तहानलेल्या तरुणाचें मूत्रपिंड जितक्या काटकसरीनें वागतें, तितक्या काटकसरीनें म्हाताऱ्याचें वागूं शकत नाहीं. रक्तदाबाच्या कांहीं गोळ्यांचें कामच मुळीं लघवीवाटे पाणी व मीठ बाहेर टाकण्याचें असतें. आईची गोळी त्यांतलीच निघाली. सांठा लहान, गळती मोठी. अशा वेळीं निदान मागणी तरी वेळेवर यावी! पण तीच येत नाहीं. १९८४ सालीं ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकांत एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. ६७ ते ७५ वर्षांचे सात निरोगी वृद्ध आणि २० ते ३१ वर्षांचे सात तरुण यांना चोवीस तास पाण्यावांचून ठेवण्यांत आलें. मग सर्वांपुढें पाणी ठेवलें. तरुणांनीं तें मनसोक्त पिऊन आपली तूट भरून काढली. वृद्धांच्या रक्तांत कोरड स्पष्ट दिसत असतांहि त्यांना तरुणांइतकी तहान जाणवली नाहीं, तोंडाची कोरडहि तितकीशी वाटली नाहीं, आणि पाणी समोर असतां ते कमी प्याले.

हें वाचलें तेव्हां ‘तहान लागली तर ती पिईल कीं’ हें माझें वाक्य मला आठवलें. पत्नीनें एकदोनदां काळजी बोलून दाखविली तेव्हां मीं तिला हेंच उत्तर दिलें होतें. वाक्य वरवर पाहतां किती सुज्ञपणाचें दिसतें! परंतु तहान ही घरांतील रखवालदारासारखी आहे. घराबरोबर तीहि म्हातारी होते, आणि चोर शिरला तरी तिला जाग येत नाहीं. ज्याला तहान लागत नाहीं त्याला पाणी नको आहे, हें अनुमान तरुणाच्या बाबतींत खरें. म्हाताऱ्याच्या बाबतींत तें घातक ठरूं शकतें.

मग ओळखावें तरी कसें? या प्रश्नाला एकच सोपी खूण सांगतां आली असती तर किती बरें झालें असतें! पण तशी ती नाहीं. २०१५ सालीं कोक्रेन या संस्थेनें वृद्धांच्या कोरडीच्या लक्षणांवरील संशोधन एकत्र करून तपासलें, तेव्हां कोरडें तोंड, कातडीची घडी, लघवीचा रंग यांपैकीं कोणतीहि एक खूण एकटी विश्वासास पात्र ठरली नाहीं. निश्चित उत्तर रक्ताची तपासणीच देते. याचा अर्थ घरच्या माणसांनीं डोळे मिटून बसावें असा नव्हे. अर्थ असा कीं, एका खुणेवर निर्धास्त होऊं नये आणि अनेक खुणा एकत्र दिसूं लागल्या तर वाट पाहूं नये. झोंप वाढणें, उठतांना अंधारी येणें, चाल अस्थिर होणें, जीभ सुकून कवळी तोंडांत बसेनाशी होणें, लघवी थोडी व गडद होणें, पोट साफ न होणें, चार दिवसांत वजन उतरणें : यांतील प्रत्येकीला निराळें कारण असूं शकेल. पण साऱ्या एकाच आठवड्यांत एकाच माणसाच्या दारीं आल्या, तर त्या एकमेकींच्या ओळखीच्या असल्या पाहिजेत, एवढा संशय यावयास डॉक्टर असण्याची गरज नाहीं.

आणि यांहून मोठी खूण म्हणजे बुद्धीचा गोंधळ. येथेंच आमची खरी फसगत झाली. पाण्याच्या तुटीनें, एखाद्या जंतुसंसर्गानें अथवा एखाद्या औषधानें म्हाताऱ्या माणसाची बुद्धि दोन दिवसांत भ्रमिष्टासारखी होऊं शकते. कारण दूर झालें कीं बहुधा ती परतहि येते. खरा स्मृतिभ्रंश असा येत नाहीं. तो महिन्यामहिन्यांनीं, वर्षावर्षांनीं पाऊल टाकतो. म्हातारपण कोणाला अमक्या मंगळवारीं येत नाहीं. ‘गेल्या सोमवारपर्यंत ही बरी होती’ असें ज्या बदलाविषयीं म्हणतां येतें, तो बदल वयाचा नव्हे, आजाराचा आहे, हें एवढें एकच सूत्र मला त्या वैशाखांत ठाऊक असतें, तर ती संध्याकाळ टळली असती.

परंतु तहान मंद होते, मूत्रपिंड थकतें, गोळी पाणी काढते, एवढ्यानें आमची गोष्ट पुरी होत नाहीं. खरें कारण मला ज्येष्ठांत कळलें, आणि तें कोणत्याहि पुस्तकांत मला सांपडलें नसतें. एके रात्रीं तांब्या ठेवतांना मी आईला म्हणालों, “आई, हें पाणी तूं पीत कां नाहींस? मला खरें सांग.” ती पुष्कळ वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, “रात्रीं प्यालें कीं उठावें लागतें रे. मोरी मागल्या पडवीच्या टोंकाला. दिवा लावला तर तुम्ही जागे होतां. न लावला तर मला दिसत नाहीं. दोन वर्षांमागें पावसाळ्यांत एकदां पोंचलेंच नाहीं वेळेवर. तिनें मध्यरात्रीं उठून सगळें बदललें, धुतलें. एका शब्दानें बोलली नाहीं हो ती. पण मींच ठरवलें, संध्याकाळीं पांचनंतर पाणी घ्यावयाचें नाहीं. पुढें दिवसाहि नकोसें होऊं लागलें.”

दोन वर्षें! दोन वर्षें ती दर संध्याकाळीं, कोणत्याहि पोथींत न सांगितलेलें एक निर्जळ व्रत करीत होती. आणि तें कोणत्या देवासाठीं, तर आमच्या झोंपेसाठीं. मी रोज तिच्या उशाशीं पाणी ठेवीत होतों, आणि जेणेंकरून तें पाणी तिला निर्धास्तपणें पितां यावें, तो उजेड, तो आधार, ती जवळची सोय यांतील एकहि गोष्ट करीत नव्हतों. पाणी देणें सोपें असतें. पाणी पिण्याची मोकळीक देणें त्याहून कठीण. पत्नीला हें सांगितलें तेव्हां ती कितीतरी वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मी तेव्हां गप्प राहिलें तें त्यांना अवघड वाटूं नये म्हणून. दोन शब्द बोललें असतें तर बरें झालें असतें.” सभ्य घरांतून मौनाला आपण फार मान देतों. एकमेकींना जपण्यासाठीं दोघीजणी गप्प राहिल्या, आणि त्या मौनाची किंमत एकीच्या रक्तांत वाढत राहिली.

आपल्या पुराणकथांतून तहानलेल्या म्हाताऱ्यांची गोष्ट लहानपणापासून आपण ऐकत आलों आहों. श्रावणबाळाच्या आंधळ्या आईबापांना तहान लागली, त्यांनीं ती मुलाला सांगितली, आणि तो झारी घेऊन निघाला. त्या कथेंतील दुःख पुढें दशरथाच्या बाणाचें आहे. तहान ओळखण्याची अडचण तेथें नाहीं. मागणाऱ्याला पाणी देणारा श्रावणबाळ होणें आपल्यापैकीं पुष्कळांना साधतें. परंतु आमच्या घरांतील प्रसंग त्या कथेचा नव्हता. तो पैठणच्या एकनाथांच्या कथेचा होता. वाळवंटांत तडफडणाऱ्या गाढवानें त्यांच्याजवळ पाणी मागितलें नव्हतें; त्याला तोंड होतें, वाणी नव्हती. नाथांनीं त्याच्याकडे पाहिलें आणि ओळखलें. रामेश्वरासाठीं आणलेली कावड तेथेंच रिती केली. त्या कथेंतील भूतदया आपण नेहमीं वाखाणतों. मला आतां तींतील दृष्टि मोठी वाटते. न मागितलेली तहान त्यांना दिसली.

हें केवळ आमच्याच घरचें नाहीं, ही जाणीव मनाला दिलासा देणारी असावयास हवी. परंतु ती तशी नाहीं. ऑगस्ट २००३ मध्यें फ्रान्स देशांत उष्णतेची लाट आली आणि सुमारें १५,००० माणसें दगावलीं. त्यांत बहुसंख्य वृद्ध होते, आणि कित्येक घरांत एकटेच होते, कारण महिना सुटीचा होता. ज्या देशांत पाणी, वीज, इस्पितळें यांची वाण नाहीं, तेथें हें घडलें. उलट १९७१ सालीं बांगलादेशाच्या युद्धाच्या वेळीं बनगांवच्या निर्वासितांच्या छावणींत पटकीनें माणसें मरत असतां, सलाइन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, साखर व सोडा यांचें पाणी पिंपांत भरून ठेवलें, आणि तें पाजण्याचें काम रोग्यांच्या आप्तांकडे सोंपविलें. दर शंभरांत तीसपर्यंत गेलेले मृत्यु चारांहून खालीं आले. एकीकडे सारें कांहीं असून जवळ माणूस नव्हतें. दुसरीकडे जवळजवळ कांहीं नसतां, शेजारीं भांडें धरून बसणारें माणूस होतें. पाण्याइतकेंच त्या धरणाऱ्या हातालाहि महत्त्व आहे, असें मला या दोन गोष्टी शेजारीशेजारीं ठेवल्यावर वाटतें.

आमच्या घरीं आम्हीं केलें तें अगदीं थोडें. आईच्या खोलींत रात्रभर जळणारा एक मंद दिवा लावला. मोरीच्या भिंतीला धरावयास लोखंडी दांडा बसवून घेतला. खाटेजवळ कमोडची खुर्ची आणली. तिच्यावर आईनें आठ दिवस बहिष्कार घातला, नवव्या दिवशीं स्वीकारली. तिची गोळी डॉक्टरांनीं बदलून दिली. युरोपांतील आहारतज्ज्ञांनीं वृद्ध स्त्रियांना दिवसास निदान १.६ लिटर, व पुरुषांना निदान २ लिटर, पेयें मिळावींत असें ठरविलें आहे. आमचें फुलपात्र मोजून पाहिलें, तर त्यांत २०० मिलिलिटर पाणी मावतें. म्हणजे आठ फुलपात्रें. उन्हाळ्यांत एखादें अधिक. तहानेची वाट न पाहतां तीं वेळेला बांधून टाकलीं : उठल्यावर एक, गोळीबरोबर एक, पूजेनंतर एक, असें करीत बहुतेक हिशेब दुपारीं चारच्या आंत पुरा होतो, आणि रात्रींची भीति उरत नाहीं. सर्व पाणीच पाहिजे असेंहि नाहीं. चहा त्यांत धरला जातो. ताक, कैरीचें पन्हें, लिंबाचें सरबत, वरणावरचें पाणी हींहि धरलीं जातात. टरबुजाची फोड मोजणींत नसली तरी उपकार करतेच. जुलाब-वांत्या झाल्या तर मात्र साधें पाणी पुरत नाहीं. तेव्हां मीठ-साखरेची पुडी लागते, अथवा लिटरभर पाण्यांत सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. एक इशारा डॉक्टरांनीं आम्हांला आवर्जून दिला, तो येथें सांगणें माझें कर्तव्य आहे : ज्यांचें हृदय अथवा मूत्रपिंड दुबळें आहे, त्यांना पाणी मोजूनच द्यावें लागतें, आणि तें माप डॉक्टरांनीं ठरवावयाचें असतें. प्रेमानें दिलेला जास्त पेलाहि अशा माणसाला बाधूं शकतो.

आपल्याकडे मरणोन्मुख माणसाच्या तोंडांत तुळशीपत्रानें गंगाजल घालण्याची रीत आहे. तो शेवटचा थेंब चुकूं नये म्हणून देवघरांत गडू कित्येक वर्षें जपून ठेवलेला असतो. मुलें दूरदूरच्या गांवांहून धांवत येतात. त्या रीतीविषयीं मला आदर आहे. परंतु त्या शेवटच्या घोटाआधींचे जे हजारों घोट, त्यांची चिंता आपण त्याच्या शतांशानें तरी वाहतों कां, असें मी अलीकडे स्वतःला विचारीत असतों.

आई त्या उन्हाळ्यानंतर चार वर्षें होती. तिची बुद्धि शेवटपर्यंत स्वच्छ होती, असें मी म्हणणार नाहीं. पुढेंपुढें खरें म्हातारपणहि आलें, हळूहळू, त्याच्या चालीनें, आणि आम्हीं तें ओळखलें. वडील अजून आले कसे नाहींत, असें तिनें पुढेंहि कधीं विचारलें तर मी आधीं फुलपात्र भरून तिच्या हातीं देत असें, ती पिईपर्यंत जवळ बसत असें, आणि मग म्हणत असें, “येतील. तूं पाणी घे.”

तांब्या अजून आहे. आतां तो पत्नीच्या व माझ्या खाटेमध्यें असतो. आम्हींहि साठी ओलांडली आहे. सकाळीं वर्तमानपत्र हातीं घेण्यापूर्वीं आमचा मुलगा खोलींत डोकावतो, आम्हांला न कळेल अशा बेतानें तांब्या उचलून पाहतो, आणि हलका लागला कीं कांहीं न बोलतां निघून जातो.